उचलून नेण्यापेक्षा उतार बांधा

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील गावांना नदीकाठी उद्यान करण्याची हौस लागली आहे. घाटाची डागडुजी होते, चार बाकडी येतात, गुलमोहराची रोपे लावली जातात, मुलांसाठी घसरगुंडी आणि झोपाळे बसतात आणि एखाद्या रविवारी फीत कापली जाते. ही हौस चांगली आहे असेच आम्ही म्हणतो. शेतकऱ्याला नदी आठवते ती पंप बिघडला म्हणजे, नाहीतर पूर आला म्हणजे. तिच्या काठी काही काम नसताना घटकाभर बसावे, हे आपल्या लोकांना सुचले याचा आम्हांला आनंद वाटतो. पण ही उद्याने बांधताना गावातील एका मंडळीचा विचार करायचा राहून गेला आहे. ती मंडळी म्हणजे चाकाच्या खुर्चीवर बसणारे आम्ही. म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

काही वाचक विचारतील, "आपल्या गावात अशी माणसे आहेत तरी किती?" प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. शंभर माणसांत २.२१ असे ते प्रमाण पडते. त्यांतील सुमारे १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहतात. या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावात चव्वेचाळीस जण निघतात, आणि त्यांतील दर पाचांमागे एकाला चालण्याची किंवा हातापायांच्या हालचालीची अडचण असते, म्हणजे आठ-नऊ माणसे. ही माणसे तुम्हांला बाजारात, सोसायटीच्या गोदामावर, ग्रामसभेत दिसत नाहीत म्हणून ती नाहीत असे समजू नये. ती घरात आहेत. बाहेरच्या पायऱ्यांनी त्यांना घरात ठेवले आहे.

शिवाय आम्ही काही आभाळातून पडलेलो नाही. कोणी माडावरून पडला, कोणी फणस काढताना. कोणाचा ट्रॅक्टर बांधावर चढवताना उलटला, कोणाचा पाय मळणीयंत्राने नेला. मधुमेहामुळे पाय काढावा लागलेले आहेत, पक्षाघाताने एक अंग गेलेले आहेत. पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, ही फार मोठी गोष्ट घडली. परंतु त्याआधी ज्यांना हा रोग झाला ते आज कर्ते पुरुष आणि संसारी बाया आहेत, आणि त्यांना अजून पुष्कळ वर्षे जगायचे आहे. शेती हा जोखमीचा धंदा आहे. आज पायांवर उभ्या असलेल्या कोणाही शेतकऱ्याला उद्या खुर्ची लागणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. आणि म्हातारपण तर सर्वांनाच येणार आहे.

उद्यानात काय आढळले

मागील पावसाळा ओसरल्यावर आम्ही तिघे खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठी असलेले एका गावाचे उद्यान पाहण्यास गेलो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नाही. जिकडे जावे तिकडे हेच आहे. दोघे चाकाच्या खुर्चीवर होतो आणि तिसरी आमची एक भगिनी, हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलीवर. बरोबर सुताराची मोजपट्टी घेतली होती.

पहिली अडचण फाटकावर. गुरे आत शिरून रोपे खाऊ नयेत म्हणून माणसांसाठी लोखंडी नळ्यांची एक वाकडी वाट केली आहे. माणूस अंग चोरून पलीकडे जातो, म्हैस जात नाही. युक्ती शेतकऱ्याची आहे आणि ती चांगलीच आहे. पण तिची रुंदी भरली दोन फूट. आमच्या खुर्चीची रुंदी सव्वादोन फूट, आणि चाके हाताने फिरवायची म्हणजे दोन्हीकडे कोपरांना जागा हवी. तीनचाकीचा तर प्रश्नच नको. म्हणजे जी वाट म्हशीला अडवते तीच आम्हांलाही अडवते. बाजूला ट्रॅक्टरसाठी मोठे फाटक होते, पण त्याला कुलूप होते. किल्ली ज्याच्याकडे तो गृहस्थ भातकापणीला गेलेला. त्याला निरोप जाऊन किल्ली येईपर्यंत पाऊण तास आम्ही रस्त्यावर उन्हात होतो.

आत गेल्यावर वाट खडीची. पाहायला स्वच्छ, पावसात चिखल होत नाही, हे खरे. पण खुर्चीची पुढची दोन चाके लहान असतात आणि ती सुट्या खडीत रुततात. नांगर खडकाला अडकावा तशी खुर्ची जागच्या जागी थांबते, आणि जोर केला तर बसलेला माणूस पुढे कलंडतो. पन्नास पावलांच्या त्या वाटेवर आम्हांला तीन वेळा ढकलून घ्यावे लागले.

त्यापुढे नदीकडच्या ओट्यावर चढायला तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंचांच्या. शेजारी एक उतार बांधलेला दिसला, तेव्हा बरे वाटले. मोजपट्टी लावली तर दीड फूट उंचीसाठी उताराची लांबी फक्त पाच फूट! त्यावर गुळगुळीत लादी बसवलेली, बाजूला कठडा नाही. असा उतार म्हणजे घसरगुंडीच. कोणी एकट्याने चढू म्हटले तर तो उलट मागे पडेल. कागदावर मात्र "उतार केला" असे नोंदले गेले असणार.

दोघा तरुणांनी मागून जोर लावून आम्हांला ओट्यावर पोचवले. तेथे नदीच्या बाजूला चार फूट उंचीची भरीव भिंत आहे. मुलांनी पाण्यात पडू नये म्हणून ती बांधली, हे बरोबरच आहे. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आतच असतात. पाण्याचा आवाज येत होता. समोर दिसत होता तो भिंतीचा गिलावा. पाच-सहा वर्षांची दोन मुले आमच्या शेजारी उभी होती. त्यांनाही नदी दिसत नव्हती.

शौचकूप होता, पण दाराशी नऊ इंचांचा उंबरठा, दार दोन फुटांचे आणि तेही आत उघडणारे. आमच्या त्या भगिनीने सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. का, ते आम्ही पुढे सांगणार आहोत.

येथे एक गोष्ट न सांगणे कृतघ्नपणाचे होईल. गावातील माणसे अतिशय चांगली. कोणी तोंड फिरवले नाही. चहा आला, काकड्या आल्या. परत निघताना एक जण आमच्या भगिनीला म्हणाला, "आधी हाक मारायची न्हाय का, मावशी? चौघांनी मिळून उचलून न्हेलं असतं." त्याचे मन निर्मळ होते. तरीही त्या बोलण्याचाच आम्हांला आज विचार करायचा आहे.

चौघे आणि एक उतार

उचलून नेणारे हात हे प्रेमाचे हात असतात, त्याबद्दल आम्ही ऋणीच आहोत. पण चौघांना हाक मारावी लागणारा माणूस नदीवर जातो तो वर्षातून दोनदा, फेस्ताला आणि पाहुणे आले तर. ज्याला एकट्याने जाता येते तो रोज संध्याकाळी जातो. सुगीच्या दिवसांत चौघे मोकळे कोठून मिळणार? आणि मिळाले तरी, "आज मला नदी बघायची आहे" एवढ्या कारणासाठी कापणीवरून चार माणसे बोलवायला कोणाची जीभ रेटेल? म्हणून तो बोलवत नाही. हळूहळू तो "मला कुठे जायचेच नाही" असे म्हणू लागतो आणि घरच्यांना ते खरे वाटते.

उचलण्यात धोकाही आहे. पायऱ्यांवर एकाचा पाय सरकला की खुर्ची, बसलेला आणि उचलणारे सगळेच खाली येतात. पुष्कळ खुर्च्यांचे हात सुटे असतात. त्यांना धरून उचलले की ते हातात येतात. उचलणाऱ्यांपैकी एखाद्याच्या कमरेत कायमची उसण भरली तर घरात दुसरा रुग्ण तयार होतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. चार पुरुषांनी आपल्याला उचलावे हे किती जणींना रुचेल? त्यांना विचारण्याची पद्धत नाही, आणि त्या सांगत नाहीत. आमच्या मते गावातील अपंग पुरुष थोडे तरी दिसतात आणि अपंग स्त्रिया जवळजवळ दिसतच नाहीत, याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रकृतीच्या दृष्टीने

हे पान शेती आणि आरोग्याचे आहे, तेव्हा आरोग्याचाही विचार करू.

ज्यांच्या पाठीच्या कण्याला मार लागला आहे त्यांना बसलेल्या जागेची संवेदना नसते. एकाच ठिकाणी दाब पडत राहिला तर कातडी मरते आणि जखम होते. ती भरायला महिने लागतात आणि चिघळली तर जीवावर बेतते. यासाठी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलावे, किंवा पुढे आणि बाजूला झुकावे. खडबडीत वाटेवरून धक्के खात जावे लागले तर ह्याच जागांना इजा होते. वाट सपाट असणे ही आमची चैन नव्हे, तो औषधाचा भाग आहे.

आता पाण्याची गोष्ट. बाहेर शौचकूप वापरता येणार नाही हे माहीत असले की माणूस सकाळपासून पाणी पिणे टाळतो. आमच्या भगिनीने तेच केले होते. पण ज्यांच्या मूत्राशयावर ताबा नसतो किंवा ज्यांना नळी घालून लघवी काढावी लागते, त्यांना कमी पाणी पिणे फार बाधते. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, आणि पुढे मूत्रपिंडे बिघडतात. नऊ इंचांचा एक उंबरठा मूत्रपिंडापर्यंत पोचतो तो असा.

उन्हाचेही तसेच. ज्यांच्या मानेला किंवा पाठीच्या वरच्या भागाला मार लागला आहे, त्यांना त्या जागेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. त्यांना सावली हवीच, आणि अंगावर फिरवायला ओले फडके हवे. बधिर पायांना तापलेल्या पत्र्याचा किंवा दगडाचा चटका कळत नाही. भाजल्यावर घरी जाऊन दिसते. फाटकावर पाऊण तास उन्हात थांबणे ही इतरांना गैरसोय वाटेल, आमच्यापैकी काहींना तो धोका आहे.

उलट बाजूने पाहा. रोज अर्धा तास सपाट वाटेवर स्वतः खुर्ची चालवली तर खांदे आणि छाती मजबूत राहतात, भूक लागते, झोप येते. उन्हाने हाडांना लाभ होतो. आणि चार माणसांशी बोलणे होते. मन मेले की शरीर सांभाळण्याची इच्छा राहत नाही, हे आम्ही आमच्याच लोकांत पाहिले आहे.

कायदा काय म्हणतो

ही मागणी दयेची नाही. १९९५ साली अपंगांसाठी एक कायदा झाला होता. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. लोकांचा वावर असलेल्या नव्या इमारतीला, अपंगांना वापरता येण्याजोगी सोय नसेल तर बांधकामाची परवानगी देऊ नये, आणि जुन्या इमारतींत पाच वर्षांत तशी सोय करावी, असे तो सांगतो. करमणुकीच्या आणि धार्मिक कामाच्या इमारतीही त्यात येतात. नियम जून २०१७ मध्ये निघाले, तेव्हा ती पाच वर्षे २०२२ मध्येच भरली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशा सोयी म्हणजे केवळ शिफारस म्हणून सोडून चालणार नाही. कमीत कमी काय असलेच पाहिजे याचे बंधनकारक नियम सरकारने करावेत.

ग्रामपंचायतीचा याच्याशी काय संबंध, असेही कोणी विचारतो. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय नेमून दिले. त्यांत अपंगांचे कल्याण हा विषय आहे आणि सामाईक मालमत्तेची देखभाल हाही आहे. गावचे उद्यान दोन्हीत बसते.

काय आणि कसे बांधावे

आपल्या गावात उद्यान होणार असेल, किंवा झालेलेच सुधारायचे असेल, तर पुढील गोष्टी गवंड्याला आणि सभासदांना समजावून सांगाव्यात. उताराची मापे केंद्र सरकारने २०२१ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना धरून, गवंड्याच्या सोयीसाठी फुटांत दिली आहेत. बाकीचे अनुभवातून आले आहे.

१. फाटक : कमीत कमी तीन फूट मोकळी जागा हवी, तीनचाकी येणार असेल तर चार फूट. गुरांसाठी आपोआप मिटणारे झुलते दार करावे आणि त्याची कडी बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी, तीन फुटांच्या आसपास ठेवावी. म्हशीला कडी काढता येत नाही, आम्हांला येते. कुलूप लावू नये.

२. वाट : सुटी खडी आणि वाळू नको. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेली वाट चालते. तिच्यावर पाणी साचू नये म्हणून किंचित कल द्यावा. काँक्रीट केले तर ओले असताना खराटा ओढून खरबरीत ठेवावे. रुंदी चार ते पाच फूट.

३. उतार : एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी, हा हिशेब पाठ करावा. तीन पायऱ्यांच्या दीड फुटासाठी अठरा फूट उतार लागतो. जागा नसेल तर मध्ये वळण घ्यावे. रुंदी चार फूट, वर आणि खाली पाच फूट लांब-रुंद सपाट जागा, दोन्हीकडे धरायला कठडा आणि चाक घसरू नये म्हणून कडेला तीन-चार इंचांचा बांध. गुळगुळीत लादी अजिबात नको.

४. नदीकडची भिंत : खाली फूटभर भिंत आणि वर उभ्या सळया, मुलाचे डोके अडकणार नाही इतक्या जवळ. मग उभा माणूस, बसलेला माणूस आणि लहान मूल, तिघांनाही नदी दिसेल.

५. बाकडी : बाकड्याच्या बाजूला तीन-साडेतीन फूट पक्की जागा मोकळी सोडावी. म्हणजे खुर्चीवरचा माणूस आपल्या घरच्यांच्या शेजारी बसेल. एरवी तो वाटेत बसतो आणि येणारे-जाणारे त्याला वळसा घालतात. दोन बाकडी तरी झाडाच्या सावलीत असावीत.

६. शौचकूप : उंबरठा नको, दार तीन फुटांचे आणि बाहेर उघडणारे, आत खुर्ची वळवायला पाच फूट मोकळी जागा, एका बाजूला भिंतीत पक्का बसवलेला धरण्याचा दांडा. बसण्याचे भांडे उंच हवे. असा एक जरी असला तरी पुरे, पण तो गोदाम म्हणून वापरू नये.

७. पाणी : नळ पावणेतीन ते तीन फुटांवर, आणि बोटांनी पिळण्याऐवजी हाताने ढकलून उघडणारा.

खर्च आणि पूर

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला खर्चाचा. काम चालू असताना वाट खडीऐवजी मुरुमाची करणे, दार दोनऐवजी तीन फुटांचे लावणे, उंबरठा न बांधणे, यांत कितीसा जादा खर्च येतो? उंबरठा न बांधणे तर स्वस्तच आहे. खर्च येतो तो आधी चुकीचे बांधून नंतर फोडण्यात. आणि हा खर्च आमच्या आठ-नऊ जणांसाठीच होतो असेही नाही. गुडघे धरलेल्या आजीबाई, दिवस गेलेल्या सुना, प्लॅस्टर घातलेले, मोतीबिंदू झालेले, झाडांना पाण्याचे कॅन नेणारी हातगाडी, हे सगळे त्याच उतारावरून जातात. उतार बांधला की पायऱ्या ओस पडतात, हे कोठेही जाऊन पाहावे.

दुसरा आक्षेप पुराचा. नदीकाठचे बांधकाम टिकणार नाही असे म्हणतात. ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? पण पूर पायऱ्यांवरूनही जातो आणि उतारावरूनही. पायऱ्या आपण पुन्हा धुऊन काढतोच ना? चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये खुर्चीवरच्या माणसांना पाण्याजवळ जाता यावे म्हणून वाळूवर लाकडी वाट केली गेली. दोन आठवड्यांच्या आत वादळाने तिचे नुकसान केले, आणि ती दुरुस्तही झाली. लाटेने मोडले म्हणून गप्प बसले नाहीत. आपल्याकडे पूर ओसरला की गाळ सुकून घट्ट होण्याआधी फावड्याने काढावा, शेवाळ धरलेले भाग ताठ खराट्याने घासावेत. शेतकऱ्यांच्या गावाला गाळ काढायला शिकवावे लागेल असे आम्हांला वाटत नाही.

चाकांचा विचार आपल्या लोकांना नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात मांडवीवर चोडणला आणि दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटी पाहा. बोटीचा पुढचा लोखंडी पत्रा धक्क्याच्या उतारावर टेकतो आणि मोटारी, सायकली, टोपल्या घेतलेली माणसे सरळ आत जातात. त्याच वाटेने खुर्चीही जाते. धक्क्याचा उतार तीव्र आणि ओहोटीच्या वेळी निसरडा, म्हणून मागे एक माणूस लागतो खरा. पण चार लागत नाहीत. चाके डोळ्यांसमोर ठेवून ती सोय केली, म्हणून ती आम्हांलाही उपयोगी पडते. आपल्या बैलगाडीसाठी बांधावर आपण उतार करतोच. खळ्यावर, गोठ्यात, गोदामाशी करतो. माणसांसाठी बांधायला घेतले की मात्र पायऱ्यांचीच आठवण का व्हावी?

आपल्यापासून सुरुवात

पंचायतीकडे बोट दाखवताना आपल्या चर्चच्या दाराकडेही पाहावे. किती ठिकाणी मिस्सेला यायचे तर सात-आठ पायऱ्या चढाव्या लागतात! योहानाच्या शुभवर्तमानात तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाची हकीकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पाणी समोर होते. त्याला पाण्यात नेणारे कोणी नव्हते. दरवर्षी ती हकीकत वाचली जाते तेव्हा ती ऐकायला जे वरच्या पायरीपर्यंत पोचू शकत नाहीत त्यांचीही आठवण व्हावी. धर्मग्रामाने एका बाजूच्या दाराला नीट मापाचा उतार केला, तर गावाला तो डोळ्यांनी पाहता येईल आणि गवंड्याला नमुना मिळेल.

मदत करणाऱ्यांसाठी दोन शब्द. खुर्चीला हात लावण्याआधी विचारावे. उचलायचेच झाले तर सुट्या हातांना न धरता खालच्या पक्क्या सांगाड्याला धरावे. तीव्र उतारावरून उतरवताना खुर्ची पाठमोरी उतरवावी, म्हणजे बसलेला पुढे पडत नाही. आणि बोलताना खुर्ची ढकलणाऱ्याशी न बोलता बसलेल्याशी बोलावे.

गावाचा पुढील वर्षाचा आराखडा ज्या ग्रामसभेत ठरतो त्या सभेला, वाचकहो, आपल्या वाड्यातील एका तरी खुर्चीवरच्या माणसाला घेऊन जा. सभा माडीवर असेल तर ती खाली अंगणात घ्यायला सांगा. उद्यानाचा विषय निघाला की त्याला बोलू द्या, आणि ठराव मापांसह लिहून घ्या: तीन फूट दार, फुटाला बारा फूट उतार, उंबरठा नाही. "योग्य त्या सोयी कराव्यात" असे मोघम शब्द वहीत राहतात आणि बांधकामात उतरत नाहीत. बिल मंजूर होण्यापूर्वी त्याच माणसाला त्या उतारावरून एकट्याने वर जाऊ द्या. तो वर पोचला तर काम पुरे झाले. नाही पोचला तर गवंड्याचे पैसे थांबवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.